पुस्तकात चांगलं वाजतं

आमच्या थोरल्या साडूंइतकं रॉक संगीत जाणणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि ते संगीत त्यांच्याइतकं कमी ऐकलेला माणूस उभ्या पृथ्वीवर दुसरा नसावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. देवळाली प्रवरेला राहतात. बागायती जमीन, पाटाचं पाणी, दारात ट्रॅक्टर, डोक्यावर टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. लांबून पाहिलं तर हा माणूस आता कारखान्याच्या निवडणुकीबद्दल बोलेल असं वाटतं. जवळ गेलं की कळतं, तो एका इंग्रज बँडच्या फाटाफुटीबद्दल बोलतोय. "लोक म्हनतात गाणाऱ्याच्या बायकोमुळं बँड फुटला. खोटं हाय, पाव्हणं. सगळी भांडणं व्हॅनमधी खिडकीपाशी कुनी बसायचं यावरून झाली." हे ते अशा दुःखानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, व्हॅन साडूंची होती आणि खिडकीपाशी बसायचा मान त्यांचा होता.

या व्यसनाची सुरुवात मृदाशास्त्रापासून झाली. साडू तेव्हा शेतकी कॉलेजात शिकत होते. परीक्षा तोंडावर आलेली, आणि नगरला कँपाच्या बाजूला एका रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं. लष्करातल्या कुठल्या साहेबाची बदली झाली असावी. जाताना त्यानं पुस्तकं रद्दीत घातलेली. वेष्टनावर 'रॉक' हा शब्द वाचून साडूंनी ते खडकांवरचा ग्रंथ म्हणून घेतलं. खोलीवर येऊन उघडलं तर खडकाच्या जागी एक उघडाबंब, केसाळ इसम गिटार छातीशी धरून किंचाळत होता. दुसऱ्या कुणी ते पुस्तक दुकानदाराच्या तोंडावर मारलं असतं. साडूंनी शब्दकोश विकत आणला. मृदाशास्त्रात ते नापास झाले, पण त्या केसाळ इसमाचं लहानपण, त्याच्या आईची शिलाई, त्याचं पहिलं लग्न, दुसरं लग्न आणि शेवटची पडझड यांत त्यांना पहिला वर्ग मिळाला असता.

त्यानंतर रद्दीवाला साडूंचा पुरवठादारच झाला. साहेबलोकांच्या बदल्या होत राहिल्या आणि देवळालीच्या घरात गिटारवाले, ड्रमवाले, आरडाओरडा करणारे आणि नशापाण्यातून उठून परत गाणारे असे नाना देशांचे लोक बी-बियाण्यांच्या पिशव्यांशेजारी फळीवर मुक्कामाला येत राहिले. संगीत मात्र आलं नाही. घरात रेडिओ होता, त्याच्यावर बाजारभाव लागायचे आणि कीर्तन लागायचं. मग साडूंनी ते संगीत मनातल्या मनातच वाजवायला सुरुवात केली. पुस्तकात लिहिलेलं असे की अमक्या रात्री गिटार असं गरजलं की लोक रडले. साडू डोळे मिटत आणि रडत.

पुढे मोबाईलचा जमाना आला. मी नगरला शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे कुणाच्याही ज्ञानात भर घालायची मला खोड आहे. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी चांगला स्पीकर घेऊन गेलो आणि त्यांच्या सगळ्यात लाडक्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. साडू टोपी काढून, मांडी घालून, पूजेला बसल्यासारखे बसले. गाणं सुरू झालं. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा जावयाला बघून नाराज झालेल्या सासऱ्यासारखा झाला. हात वर करून म्हणाले, "बंद करा, पाव्हणं. पुस्तकात चांगलं वाजतं." मी म्हटलं, अहो, हेच ते गाणं, ज्याच्यावर तुम्ही मला दोन दिवाळ्या व्याख्यान दिलंत! ते म्हणाले, "मला जे ऐकू यायचं ते लई मोठं हुतं. हे तर पिठाच्या गिरणीवानी हाय." तो स्पीकर हल्ली अक्का दळण टिपताना हरिपाठासाठी वापरते.

वाचण्याजोगं पुस्तक कोणतं, याबद्दल साडूंची मतं पक्की आहेत आणि ती न विचारता मिळतात. ज्या चरित्रात आई लवकर येत नाही ते ठेवून द्यावं. लेखक नायकावर एकदाही चिडला नसेल तर ते चरित्र नव्हे, सत्काराचं भाषण. माणूस वर कसा चढला हे सगळेच सांगतात. तो घसरला तेव्हा हाताला काय लागलं हे ज्यात असेल ते पुस्तक खरं. म्हणून रॉकवाल्यांच्या खालोखाल त्यांच्या फळीवर शिखरापासून थोडक्यात परत फिरलेला गिर्यारोहक आहे, समुद्रातल्या दीपगृहात बायकोशी न बोलता राहिलेला एक रखवालदार आहे, आणि मधमाश्यांनी चावून चावून शहाणा केलेला एक पाद्री आहे. यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी पुस्तकंही त्यांना लोक भेट देतात. त्यांचा ढिगारा विहिरीवरच्या मोटारीखाली आहे. मोटार हलत नाही, एवढं यश साडू मान्य करतात.

पुस्तकं ते औषधासारखी देतात आणि वैद्यासारखे परत विचारायला येतात. माझ्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा लोक शहाळी घेऊन आले. साडू एका गायिकेचं चरित्र घेऊन आले, जिचा आवाज गेला, नवरा गेला आणि मग फक्त आवाज परत आला. "ऑपरेशन झाल्यावर मानसानं दुसऱ्याची पडझड वाचावी," ते म्हणाले. "आपलं दुखणं बारीक वाटतं." बायकोनं पुस्तक उशीखाली ठेवलं. पुढच्या भेटीत साडूंनी खुर्ची ओढून विचारलं, "मंग? नवरा का गेला सांग बरं?" बायको म्हणाली, "दाजी, टाके दुखतात." "तिचे पन दुखत हुते," असं म्हणून साडूंनी तिला पूर्ण सहावं प्रकरण ऐकवलं.

आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी पिंडाला कावळा शिवायच्या आत चार पुढारी श्रद्धांजली वाहून घेतात. गावच्या सहकारी सोसायटीचे एक वयोवृद्ध सचिव वारले तेव्हा कुणीतरी अजाणतेपणी साडूंच्या हातात माईक दिला. साडू म्हणाले, "मंडळी, बँडमधी पुढं उभा राहून गाणाऱ्याचं नाव हुतं. पण मागं एक बेस गिटारवाला असतो. त्याच्याकडं कुनी बघत न्हाई. तो थांबला की मातुर सगळ्यांना कळतं, कायतरी गेलं. आपले तात्या सोसायटीचे बेस गिटारवाले हुते." गर्दी गंभीर झाली. चेअरमनसाहेबांना आपण पुढं उभे राहून नुसते गाणारे ठरलो हे उशिरा कळलं आणि ते वर्षभर साडूंशी बोलले नाहीत. तात्यांच्या कारभारणीनं मात्र नंतर अक्काला बाजूला घेऊन विचारलं, "ते गिटार म्हंजी काय असतं मला ठावं न्हाई, पर चांगलं असतं ना गं?"

असा हा माणूस. त्यांची एकुलती मुलगी स्नेहल नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते आणि तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिनं गेल्याच्या गेल्या वर्षी घरी सांगितलं की तिला लग्न करायचंय, मुलगा तिनं पाहिलाय, नाव गणेश, नगरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांबरोबर एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो.

तुम्हाला वाटेल, साडूंनी पेढे वाटले असतील. मलाही तसंच वाटलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर ड्रमवाल्यांच्या जन्मकुंडल्या पाठ केल्या त्याच्या दारात ड्रमवाला चालून आला होता! साडूंनी माझ्याकडं सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन चप्पलही न काढता सांगितलं, "पाव्हणं, पोरीला समजवा. ड्रमवाले जगत न्हाईत."

भावकीची चर्चा वेगळीच चालली होती. मुलगा मूळचा पाथर्डीकडचा. त्याचे आईवडील वर्षानुवर्षं आपलं गाव सोडून कारखान्यांवर ऊस तोडायला येत असत. आमच्याच पट्ट्यातल्या फडांत त्यांचे कोयते चालले होते. "बागायतदाराची पोर, अन् घरात कोयता हुता अशा ठिकाणी द्यायची?" अशी कुजबुज साडूंच्या चुलतभावानं माझ्यासमोरच केली. साडू त्याच्यावर खेकसले, "कोयत्याचं काय घिऊन बसलास! कोयता बरा. पोराच्या हातात काड्या हायेत, काड्या!" चुलतभावाला ड्रमच्या काड्या माहीत नसल्यामुळं त्याला वाटलं, मुलगा भांडणं लावणारा आहे. त्यानंतर त्यानंही विरोधाची धार वाढवली.

अखेर स्नेहलच्या हट्टामुळं मुलाला भेटायचं ठरलं. नगरला एका चहाच्या दुकानात आम्ही बसलो. एका बाजूला साडू आणि मी, समोर स्नेहल आणि गणेश. पोरगा काटकुळा, नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. साडूंनी मनात जो काही राक्षस उभा केला होता त्याच्या बाहीत हा सबंध मावला असता. साडूंनी चहा सांगितला. गणेश म्हणाला, "मला दूध चालेल. चहानं ॲसिडिटी होते."

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मग घसा साफ करून तपासणी सुरू केली.

"दारू?"

"नाही."

"गोळ्या बिळ्या?"

"ॲसिडिटीच्या. जेवणाआधी."

"हॉटेलातल्या खोलीची मोडतोड?"

"आम्ही हॉटेलात राहतच नाही. वाजवून झालं की सामान टेम्पोत टाकून घरी येतो. टेम्पोवाल्याला सकाळी भाजी असते."

"बँड फुटला का कधी?"

"एकदा. कीबोर्डवाल्याला रात्रपाळी लागली होती. मग त्याची पाळी बदलली."

"मॅनेजरनं फसवलं?"

"मॅनेजर नाही. गिटारवाल्याची आई फोन घेते."

प्रत्येक उत्तरागणिक साडूंचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, आता सुटकेचा निःश्वास टाकतील. साडू बाहेर आले, मला बाजूला घेतलं आणि खिन्नपणे म्हणाले, "हा ड्रमवाला न्हाई हो. हा विमा एजंट हाय. ह्याचं चरित्र कोन लिहील?"

ते हळू बोलले असते तर बरं झालं असतं. पण साडूंचा आवाज विहिरीवरून घरात हाक मारायला घडलेला. स्नेहल मागंच उभी होती.

"पप्पा," ती म्हणाली, "काल तो मरेल म्हणून नको होता. आज तो मरत नाही म्हणून नको. तुम्हाला जावई पाहिजे का पुस्तक?"

"तसं न्हाई गं..."

"तसंच आहे. त्या गिटारवाल्यांना शाळेत मास्तरांनी कितीदा मारलं ते सगळं पाठ आहे तुम्हाला. माझ्या बारावीच्या निकालादिवशी काय झालं ते सांगा. सांगा ना, काकांसमोर सांगा."

साडूंनी टोपी काढून आत पाहिलं, जणू उत्तर तिथं लिहून ठेवलं होतं, आणि परत घातली. स्नेहल गणेशच्या गाडीवर बसून निघून गेली.

त्यानंतर तिनं देवळालीला यायचं बंद केलं. आईला फोन करायची, वडिलांशी बोलायची नाही. साडू ओसरीवर बसू लागले. मांडीवर पुस्तक उघडं असे, पान उलटत नसे. अक्का ही तशी कमी बोलणारी बाई. आयुष्यभर तिनं त्या फळीवरची धूळ झटकली, पण फळीबद्दल कधी ब्र काढला नाही. एक दिवस मी गेलो होतो तेव्हा तिनं ताट समोर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "परदेशातला कोन कुठला मेला की तुमी दोन दिस जेवत न्हाई. तुमची लेक जित्ती हाय. तिच्यासाठी बी येखांदा दिस जेवू नका." आणि ताट उचलून आत घेऊन गेली. माझंही घेऊन गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साडू म्हणाले, "पाव्हणं, पाथर्डीला जायचं. पोराच्या घरी." मी विचारलं, पुस्तक कोणतं घ्यायचं? ते म्हणाले, "कुठलंच न्हाई." तेव्हाच मला कळायला हवं होतं की परिस्थिती गंभीर आहे.

नगरहून एसटीनं पाथर्डी, तिथून जीपनं गाव. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. साडू खिडकीबाहेरचा माळ बघत होते. गणेशचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, दारात बांधलेली शेळी. त्याचे वडील उंच, वाकलेले. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी घाईघाईनं खाटेवर सतरंजी टाकली आणि स्वतः जमिनीवर बसले. साडूंनी हात धरून त्यांना वर बसवलं. मग साडूंनी विचारलं, "पोराला हा वाजवायचा नाद कुठून लागला?"

म्हातारे हसले. बायकोकडं बघून म्हणाले, "सांग की आता."

ती दारातूनच बोलली. "आमी कारखान्यावर पाचटाची कोपी घालून ऱ्हायचो. उजाडायच्या आत फडात जावं लागायचं. ह्यो लहान, कोपीतच झोपलेला असायचा. म्या त्याच्यापाशी तेलाचा रिकामा डबा ठिवायचे. म्हनायचे, उठलास की वाजव, म्हंजी मला फडात आयकू येतंय. डबा वाजतोय तवर पोरगं बरं हाय. थांबला की म्या कोयता टाकून पळायचे." पदरानं तोंड पुसून ती पुढं म्हणाली, "मंग त्याला कळलं, आय घाबरती. तवापासून थांबतच नसे. हात दुखूस्तवर वाजवायचा. येगयेगळं वाजवायचा, मला कटाळा येऊ नये म्हून."

एरवी अशा ठिकाणी त्यांना लगेच कुणीतरी आठवतो, की अमक्याचंही लहानपण असंच, त्याची आई अमक्या गिरणीत. त्या दिवशी कुणीच आठवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कंच्या कारखान्यावर?" म्हाताऱ्यांनी सांगितलं. तो आमच्याच भागातला. साडूंच्या शेतावरून त्याच्या गाड्या जातात. साडूंनी दोन्ही हातांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "आमच्या पोरीला स्वयंपाक बेताचा येतो. सांभाळून घ्या." एवढ्यावर मागणी पक्की झाली. त्या घरात चहा झाला, आणि साडूंनी कुणालाही काहीही वाचायला सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?" ते म्हणाले, "पहिलं प्रकरण जमलंय." मला वाटलं, गडी पूर्वपदावर आला. पण नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर ते माझ्या घराच्या उलट्या दिशेला चालू लागले.

स्नेहलनं दार उघडलं आणि आम्हाला बघून दारातच उभी राहिली. साडू आत जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पाथर्डीबद्दल बोलले नाहीत, लग्नाबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "तुझ्या बारावीच्या निकालाचं सांग."

"आता कशाला?"

"मला ठावं न्हाई म्हून."

ती खिडकीकडं वळली. मग बोलली. निकाल वाईट लागला होता. डॉक्टर व्हायचं होतं, ते होणार नव्हतं. घरी यायची हिंमत नव्हती, म्हणून ती पाटाच्या कडेला बसून राहिली. संध्याकाळी घरी आली तेव्हा साडू ओसरीवर वाचत होते. "मी म्हटलं, पप्पा, मला सांगायचंय. तुम्ही मान पण वर केली नाही. म्हणालात, बस जरा, हा आता मरायलाच आलाय, एवढं पान होऊ दे. मी बसले. मग पान झालं, आणि तुम्ही रडायला लागलात. मग मीच तुम्हाला पाणी आणून दिलं."

मला हसू फुटेल अशी भीती वाटली, आणि रडू फुटेल अशीही. साडूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"कोन मरत हुतं," ते म्हणाले, "ते बी आता आठवत न्हाई बघ."

स्नेहल त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. साडू तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. मी पाणी प्यायचं निमित्त काढून बाहेर गेलो, आणि माठ आत होता हे माझ्या बाहेर गेल्यावर लक्षात आलं.

लग्न देवळालीतच झालं. गणेशच्या मित्रांनी मांडवात वाजवलं. चेअरमनसाहेब दोन्ही कानांवर हात ठेवून पहिल्या रांगेत बसले होते, कारण पहिल्या रांगेतून उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. साडूंनी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आहेराच्या बदल्यात एकेक पुस्तक दिलं. कुणाला दीपगृह मिळालं, कुणाला मधमाश्या. फळी अर्धी मोकळी झाली. पाथर्डीहून आलेल्या विहिणीला काय द्यावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी अक्कानं तिला लुगडं नेसवलं आणि साडू नुसतेच हात जोडून उभे राहिले.

त्यानंतर साडूंच्या रक्तातल्या साखरेनं डोळे धरले. डोळ्याच्या पडद्याला सूज आली, नगरला इंजेक्शनं झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढी नजर राहील, पण बारीक अक्षर आता विसरा. आयुष्यभर पडझडीची प्रकरणं चवीनं वाचणाऱ्या माणसाची पडझड अशी दवाखान्याच्या बाकावर झाली. अक्का सांगते, ते घरी येऊन फळीसमोर उभे राहिले, पुस्तकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू द्या. सगळे वळखीचे हायेत."

आता गणेशला सुट्टी असली की दोघं गाडीवर देवळालीला येतात. गणेशनं शाळेच्या पुस्तकापलीकडं कधी पुस्तक वाचलं नव्हतं. त्याचं इंग्रजी अडखळतं. पण तो ओसरीवर बसून सासऱ्याला वाचून दाखवतो. एक वाक्य इंग्रजीतून वाचतो आणि मग ते मराठीत सांगतो, कारण आता अक्काही धान्य निवडत ऐकायला बसते. साडू मध्येमध्ये त्याचे उच्चार सुधारतात. ते स्वतः शब्दकोशावरून शिकलेले, त्यामुळं दोघांचेही उच्चार चुकीचे असतात, पण वाद जोरदार होतो.

परवा मी गेलो तेव्हा एका ड्रमरचं चरित्र संपत आलं होतं. स्नेहलला सातवा लागलाय. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. या ड्रमरची अखेर मला पाठ आहे. साडूंनी ती मला प्रवासात, लग्नात, एकदा तर माझा दात काढायच्या आधी दवाखान्यात सांगितलेली आहे. तो तरुणपणीच गेला, एकटा, भाड्याच्या खोलीत.

गणेशनं पान उलटलं, मनातल्या मनात पुढच्या चार ओळी वाचल्या आणि थांबला.

"का रं थांबलास?" अक्का म्हणाली. "पुढं काय झालं त्या पोराचं?"

गणेशनं स्नेहलकडं पाहिलं, मग पुस्तकात पाहिलं. "काही नाही आई," तो म्हणाला. "वाजवणं कमी केलं त्यानं. गावाकडं गेला. बायको होती, लेकरं होती. त्यांच्यात रमला."

"बरं झालं बाई," अक्का म्हणाली. "मला वाटलं, ह्यो बी मरतोय."

मी साडूंकडं पाहिलं. चरित्रातलं एखादं साल जरी कुणी चुकवलं तरी हा माणूस जेवता जेवता हात वर करतो. मी वाट बघत राहिलो. साडूंनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"हां," ते म्हणाले. "मंग त्यानं थोडी शेती बी केली. बटाटे लावले हुते. तिकडं ऊस होत न्हाई."